पितरांचा रांजण आणि अर्धा राहिलेला प्याला

मंगळवार, मेचा दुसरा आठवडा

तीर्थरूप सिमोनमामा,

काखेतीहून तुमचा भाचा तेंगिझ दोन्ही गुडघे टेकून नमस्कार करतो (हल्ली टेकल्यावर उठायला कोणाचा तरी हात लागतो, तेव्हा हा नमस्कार वरवरचा समजू नये). एलिकोमामींचा खोकला गेला का? तुमची करडी शेळी परत आली का, की ती आपल्याकडे आहे हे शेजाऱ्यांनी अजून कबूल केलेलं नाही? आणि तुमचा उजवा गुडघा कसा आहे? त्याची आठवण आमच्या घरात रोज निघते. गेल्या नोव्हेंबरात त्यानेच तुम्हाला बेसोदादाच्या मातीला येऊ दिलं नाही, आणि ते आम्ही सगळ्यांनी समजून घेतलं. त्याच आठवड्यात तुम्ही अक्रोडाच्या झाडावर चढून फांद्या झोडपत होता, असं बसचा ड्रायव्हर झाउरी गावभर सांगत फिरला. मी त्याला एवढंच विचारलं की नोव्हेंबरात झाडावर अक्रोड उरतात कुठे. तो म्हणाला, "तेच मलाही कळलं नाही." असल्या माणसाच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुम्ही पाठवलेली फुलं मात्र पोचली होती. वहिनींनी ती दादाच्या उशाशीच ठेवली, पायाशी नाही.

तुमच्या आणि दादाच्या भांडणाबद्दल मी आजवर अवाक्षर काढलेलं नाही आणि आजही काढणार नाही. नऊ वर्षं दोन जाणत्या माणसांनी द्राक्षाच्या सालींवरून अबोला धरला, यात माझ्यासारख्याने काय बोलावं? तुमच्या इमेरेतीकडे रस सालींपासून लवकर सोडवतात. आमच्याकडे सालं, बिया, देठ सगळं सहा महिने रसातच राहतं. तुम्ही इथे आमच्या जेवणाच्या पंगतीत म्हणाला होता, की हे म्हणजे पाहुण्याला बुटांसकट अंथरुणात झोपवण्यासारखं आहे. दादा त्यावर म्हणाला, की मामांची वाइन म्हणजे ज्या पाण्यात चष्मा विसळला ते पाणी. तुम्ही टोपी घालून निघालात. टोपी पाव्लेंची होती. पाव्ले म्हणजे आमचे शेजारी, जे कुठल्याही पंगतीत दुसऱ्या प्याल्यानंतर झोपतात. ते अजून अधूनमधून तिची चौकशी करतात, पण मी ती मागण्यासाठी हे पत्र लिहीत नाही.

पत्राचं कारण यंदाच्या नव्या वाइन. तुम्हाला ठाऊकच आहे, मी एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात कालव्याचं पाणी मोजलं. जमिनीत पुरलेल्या तीन रांजणांचं आमचं रांजणघर हे दादाचं राज्य. पहिल्या पंधरवड्यात रस रांजणात उकळल्यासारखा बुडबुडे सोडतो आणि गातो, तेव्हा दादा कान लावून बसायचा आणि मला म्हणायचा, "ऐक, मधला आज सुरात नाही." मला तिन्हींतून सारखंच बुडबुड ऐकू यायचं. दिवसातून चार वेळा वर आलेली सालं तो काठीने खाली दाबायचा. मग एके दिवशी सालं आपणहून बुडतात, आणि तेव्हा रांजण काठोकाठ भरून, झाकण ठेवून, वरून ओली माती लिंपायची. गेल्या वर्षी तिन्ही रांजण लिंपून त्याने हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला, ओट्यावर बसला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. वहिनी म्हणाल्या, "निदान काम पुरं करून गेला, नाहीतर वरती सुद्धा अस्वस्थ राहिला असता." मला बोलायला उशीर लागतो हे तुम्ही जाणता. दादा पाहुण्यांना सांगायचा, "उघडल्या उघडल्या वाइन आमच्या तेंगिझसारखी गप्प असते. अर्धा तास बसू द्या, मग मोकळी होते." माझ्या बाबतीत तो अठ्ठावन्न वर्षं थांबला.

आता रांजण तीन, ओळीत पुरलेले, वर सारखीच माती, आणि कुठल्यात काय हे दादाच्या डोक्यात. वहिनींना एवढं पक्कं ठाऊक होतं, की पहिला सोनेरी वाइनचा, दुसरा काळ्या द्राक्षांचा आणि तिसरा पितरांचा. पितरांचा रांजण कोणी विकत नाही. त्यात देवळाच्या भिंतीलगतच्या पाच जुन्या ओळींची द्राक्षं, नावं विसरलेल्या वेलींची, सगळी एकत्र, आणि तो उघडायचा घरच्या मृतांच्या नावानेच. यंदा तो दादाच्या वर्षश्राद्धाला उघडायचा, म्हणजे येत्या नोव्हेंबरात. वहिनी मला तीनदा म्हणाल्या, "भाऊजी, तिसऱ्याला हात लावायचा नाही." मी रीतसर नकाशा केला, उत्तर दिशा दाखवली, अंतरं टेपने मोजून लिहिली, खाली सही केली. तिसऱ्या रांजणावर मेणबत्ती लावली आणि लेंटच्या उपासापासून रोज सकाळी न चुकता लावत राहिलो. फक्त रांजणघराला दोन दारं आहेत. एक अंगणातून, एक स्वयंपाकघरातून. वहिनी लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाकघराच्या दाराने मोजत आल्या. मी अंगणाच्या दाराने मोजलं, कारण सरकारी माणूस सार्वजनिक रस्त्याकडूनच मोजतो. थोडक्यात, मी अडीच महिने सोनेरी वाइनच्या आत्म्यास शांती मागत होतो, आणि पितरांचा रांजण उघडून त्याला "नवी वाइन क्रमांक एक" असं नाव दिलं.

ही चूक तेव्हा कोणालाच कळली नाही. वहिनी काळ्या कपड्यांत आहेत, वर्ष सरेपर्यंत वाइनला ओठ लावणार नाहीत, आणि रांजणघरात त्यांनी पाऊलही टाकलेलं नव्हतं. पाव्लेंनी प्याला घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत, पण ते नेहमीचंच. त्यातून तिबिलिसीच्या एका दुकानदाराचं पत्र आलं. त्याचं नाव मिरियान. बाहेरदेशी कुठेतरी जत्रा आहे, तिथे छोट्या घरांच्या वाइन तो नेतो. दादाने त्याला गेल्या उन्हाळ्यात शब्द दिला होता. त्याला प्रत्येक वाइनचं वर्णन हवं होतं. मला वर्णनं येत नाहीत, मला अहवाल येतो. मी लिहिलं: "क्रमांक एक. रंग कडक चहाचा, मात्र चहा नव्हे. गाळ तळाच्या टोकात बसलेला, अपेक्षेप्रमाणे. वरचा थर नितळ, तळहात धरला असता रेषा दिसतात. पातळी काठाखाली चार बोटं. वास, पाव्ले यांच्या म्हणण्यानुसार, सुकवलेल्या जर्दाळूचा व जुन्या देवळाचा. पहिली वीस मिनिटं काहीही घडत नाही. त्यानंतर घडतं. क्रमांक दोन. रंग काळा. दातांवर दोन दिवस टिकतो. आज कडक असून पाच वर्षांनी निवळण्याचा संभव आहे, जसा कालव्याचा नवा बांध निवळतो. धोका: पांढरा शर्ट." मिरियानने तार करावी तशा घाईने फोन केला. असं प्रामाणिक लेखन त्याने या धंद्यात वाचलं नव्हतं, आणि त्याला लेखकाला भेटायचं होतं.

तो शनिवारी दुपारी आला. इथे माझ्या दाढीबद्दल सांगणं भाग आहे. चाळीस दिवस दाढी करायची नाही एवढी रीत मला माहीत होती. एकेचाळिसाव्या दिवशी वहिनी काही म्हणतील म्हणून मी थांबलो. त्यांना वाटलं, भाऊजींनी वर्षाचा नेम धरला आहे. विषय निघाला नाही, आणि दाढी आता दुसऱ्या बटणापर्यंत आली आहे. त्यात अंगावर काळा लांब कोट. मिरियानने फाटकात मला पाहिलं, माझा हात घेतला, त्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "आशीर्वाद द्या, फादर." हात ओढून घेणं उद्धटपणाचं दिसलं असतं. मग तो बाकावर माझ्या शेजारी बसला आणि हलक्या आवाजात सांगू लागला, की गेल्या वर्षी त्याने तीन वर्षांची वाइन सात वर्षांची म्हणून विकली, आणि घेणाऱ्याने ती आठ वर्षांची म्हणून पुढे विकली, तर पाप कोणाच्या खाती जाईल. मी विचार करून म्हणालो, "वरच्या बाजूला मोजमाप चुकलं की खालच्या सगळ्या नोंदी चुकतात." तो गहिवरला. तेवढ्यात वहिनी भट्टीची रोटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, कोंबडीचं खत तिकडे ढकला ना, पाहुण्यांच्या बुटाला लागतंय." तेव्हा त्याला खरं कळलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला, पण सांगून झालेलं परत घेता येत नाही, आणि तेव्हापासून तो मला थोडा घाबरून असतो.

पंगत मांडली. घेवडा, चीज, वेलीच्या काटक्यांवर भाजलेलं डुकराचं मांस, आणि मधोमध क्रमांक एकची मोठी घागर. पंगतीत माणसं तीनच, मिरियान, पाव्ले आणि मी. प्रत्येक प्याल्याआधी चार शब्द बोलणारा पंगतीचा म्होरक्या व्हायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी मी "तुमच्या आरोग्यासाठी" एवढंच म्हणून बसत होतो. चौथ्या प्याल्याला मिरियान स्वतःच उभा राहिला. रोटीच्या तुकड्यावर त्याने दोन थेंब दादाच्या नावाने ओतले आणि बोलायला लागला. मामा, तो चांगलं बोलला. म्हणाला, की मी देशभर फिरलो, पण पहिली वीस मिनिटं गप्प राहून नंतर माणसाला आपल्या आजोबांची आठवण करून देणारी वाइन मला भेटली नव्हती. बाटलीवर दादाचं बेसारिओन हे पूर्ण नाव राहील, आणि जिथे कोणी आपल्याला ओळखत नाही तिथे लोक ते नाव मोठ्याने वाचतील. आता उत्तर मला देणं आलं. मी उभा राहिलो. मला वाटतं मी म्हणालो, "तो सगळा रांजण तुमचा." आणि पुढचं भाषण सुचेना, तेव्हा माझ्या तोंडून लहानपणापासूनची सवय बाहेर पडली. आजोबांच्या पंगतीत माझ्यावर पाळी आली की मी शेजारी बसलेल्या तुमच्याकडेच ती ढकलायचो ना? तसंच म्हणालो, "अलावेर्दी, सिमोनमामा," म्हणजे पुढचं तुम्ही बोला आणि प्याला तुम्ही पुरा करा. तुम्ही चारशे किलोमीटरवर होता हे लक्षातच राहिलं नाही. पाव्ले दचकून जागे झाले, "होय, होय, अगदी बरोबर," म्हणाले आणि समोरचा प्याला रिकामा केला. मिरियानला वाटलं, हेच सिमोनमामा.

वहिनी त्याच वेळी घागर भरायला म्हणून पहिल्यांदा रांजणघरात गेल्या आणि त्यांनी मेणबत्ती कुठे आहे ते पाहिलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून पाव्ले पूर्ण जागे झाले. वहिनी ओरडल्या नाहीत. हात पुसत म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही कुठल्या दाराने मोजलंत?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं तुम्ही पाणी असंच मोजलंत का? मग पलीकडचं गाव कोरडं का, ते आज कळलं." मग त्या मिरियानकडे वळल्या. हा रांजण पितरांचा आहे, माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध याच्यावर व्हायचं आहे, सोनेरी वाइनचा आहे तो खुशाल घेऊन जा. मिरियानने तिथल्या तिथे उघडलेल्या सोनेरीचा घोट घेतला, फार छान म्हणाला, आणि परत पहिल्या घागरीकडे असा बघत राहिला जसं एखादं मूल आत्याकडून आईकडे बघतं. "काकू," तो म्हणाला, "मृताच्या नावाने उचललेल्या प्याल्यावर दिलेला शब्द आहे. मी सोडला तर तुमच्या घराला दोष लागेल, मला नाही." आणि हे खरं आहे, मामा. असा शब्द आमच्याकडे परत घेत नाहीत. मी तर जमिनीत एखादा चौथा रांजण पुरलेला असेल तर त्यात उडी घ्यावी म्हणून बघत होतो.

वहिनींनी खुर्ची उचलली, रांजणघरात नेली, पितरांच्या रांजणाच्या झाकणावर ठेवली आणि वर बसून घेवडा सोलू लागल्या. तीन दिवस झाले, जेवणंसुद्धा तिथेच. मिरियान उंबऱ्यावर बसतो. तो फार शिष्टाचाराचा माणूस असल्यामुळे घेवडा सोलायला मदत करतो. दुसऱ्या दिवशी सोलता सोलता त्यांनी त्याला सहज विचारलं, "शब्द दिल्यावर प्याला पुरा कोणी केला?" "सिमोनमामांनी," तो म्हणाला आणि पाव्लेंकडे बोट केलं. वहिनी म्हणाल्या, "ते पाव्ले आहेत. ते तहानेने प्यायले. सिमोनमामा कुतैसीला आहेत आणि त्यांना या प्याल्याची खबरही नाही. अलावेर्दी दिलेला प्याला ज्याच्या नावाने दिला त्याने प्यायल्याशिवाय शब्द पुरा होतो का? तू सांग, तू लहानपणापासून पंगतीत बसतोस." मिरियानने हातातली शेंग सोलून टोपलीत टाकली. मग म्हणाला, "नाही होत." "मग तो हवेत लोंबकळतोय," वहिनी म्हणाल्या, "आणि लोंबकळत्या शब्दावरची वाइन बाटलीत किती टिकते ते तुझा बाप तुला सांगेल." मिरियान पांढरा पडला. पापाचं त्याला आधीच भय आहे.

दरम्यान माझ्या हातून एक गोष्ट बरी झाली. रांजणातून घागरी काढल्यामुळे पातळी खाली गेली होती, आणि रिकाम्या जागेत हवा राहिली की वाइन आंबून जाते. मी नदीवरून गुळगुळीत खडे आणले, उकळले, आणि एकेक करून चारशे बारा खडे सोडून पातळी पुन्हा काठाला आणली. तेवढ्यासाठी वहिनी खुर्ची घेऊन दोन तास उठल्या. वरून माती लिंपताना म्हणाल्या, "चला, खात्याचा काही तरी उपयोग झाला." एवढं कौतुक या घरात दादालासुद्धा मिळालं नव्हतं.

तर अशी हकीकत. वाइन झाकलेली आहे, वर वहिनी आहेत, शब्द हवेत आहे. एलिकोमामींना आणि शेळी परतली असल्यास तिलाही माझा नमस्कार. तुम्हाला उदंड आयुष्य मिळो आणि गुडघ्याला त्याहून अधिक.

तुमचा आज्ञाधारक,
तेंगिझ

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. मिरियान शुक्रवारी झाउरीच्या बसने तुमच्याकडे निघतो आहे. बरोबर त्या रांजणातल्या वाइनची, लाखेने तोंड बंद केलेली बरणी आणि स्वतःच्या आजोबांचं प्यायचं शिंग आहे. तो तुम्हाला शब्द पुरा करायला सांगेल. माणूस चांगला आहे, त्याला जेवू घाला, झोपायला द्या, पण बरणीतला एक घोटही घेऊ नका. डॉक्टरांनी मना केलंय म्हणा. तुम्ही प्यायलात की रांजण गेला आणि दादाच्या वर्षश्राद्धाला आम्ही पाहुण्यांपुढे दुकानातली बाटली ठेवू.

ता. क. दुसरा. वहिनींनी पत्र वाचलं. म्हणाल्या, "सिमोनमामांना पिऊ नका असं लिहिलंत? मग ते पिणारच, आणि रांजण गेलाच." त्यांनी सांगितलेलं लिहितो. प्याला तुम्हालाच पुरा करायचा आहे, पण इथे, नोव्हेंबरात, दादाच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीत, म्होरक्याच्या जागी बसून. अलावेर्दी घेणाऱ्याला हवं ते बोलायचा अधिकार असतो, तेव्हा शब्द कसा पुरा करायचा, त्यातलं किती मिरियानचं आणि किती पितरांचं, हे तुम्ही ठरवा. सालींबद्दल बोललात तरी कोणी उठून जाणार नाही. मिरियानलाही वहिनींनी बोलावलं आहे. बस दारापर्यंत येते, चढायला फक्त दोन पायऱ्या आहेत.

ता. क. तिसरा, आणि हा मी पाकीट चिकटवता चिकटवता लिहितो आहे. मला कोणत्या दाराने मोजायचं हे कळलं नाही, इथपर्यंत ठीक. पण दादाबरोबर त्या पाच ओळींची वाइन मी चाळीस वर्षं प्यायलो आहे. पहिल्याच घोटाला ओळखायला हवी होती. मामा, नोव्हेंबरापासून मला कशालाच चव लागत नाही. जे तोंडात घालतो ते कालव्याच्या पाण्यासारखं लागतं, आणि त्या विषयात मी तज्ज्ञ आहे. अहवालातला वास पाव्लेंचा आहे. दादाने शेवटची वाइन कशी केली हे मला अजून ठाऊक नाही. पाव्ले भिडेखातर चांगलं म्हणतात, मिरियान धंद्याखातर, वहिनी पीत नाहीत. तुम्ही एकटेच असे आहात ज्यांनी दादाच्या वाइनला उभ्या आयुष्यात चांगलं म्हटलेलं नाही, म्हणून तुम्ही लिहाल त्यावर माझा विश्वास बसेल. तेव्हा हे पत्र पोचण्याआधी बरणी पोचली असेल आणि तुम्ही प्यायला असाल, तर रांजण गेला तर जाऊ दे. कशी होती तेवढं मात्र उलट टपाली खरं खरं कळवा. हा ताजा कलम वहिनींना दाखवलेला नाही.